पांढरसराडचा साइटमॅप

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी वाटाड्याने सांगितलं, "चिचबोडीची वाट खुली आहे."

वाट बंद होती. चिचबोडीच्या नाल्यात दोन पिल्लांची वाघीण बसलेली आदल्या दुपारी वनरक्षकाच्या कॅमेऱ्यात दिसली होती आणि संध्याकाळी गावाच्या वेबसाइटवर चिचबोडीच्या पानावर 'वाट बंद' असं लिहिलंही गेलं होतं. ते लिहिणारी मोनाली कुळमेथे त्या क्षणी वाटाड्यापासून चार हातांवर, दारातच उभी होती. वाटाड्या तिच्या सासूच्या गळ्यात होता.

"मामी, बंद आहे ती वाट. मीच लिहिलं काल." तिकडे सासूला मामी म्हणायची पद्धत आहे.

अंतकलाबाईंनी टोपली काखेत सरकवली आणि गळ्यातली काडेपेटीएवढी डबी पुन्हा दाबली. "चिचबोडी?"

"चिचबोडीची वाट खुली आहे."

"ऐकलं?"

"तो जुनं सांगून राहिला, मामी."

"मंग सभेत हात कोणं वर केला होता? वाटाड्या सांगन तेच खरं, हे कोण बोललं? मी बोलली का?"

"मीच बोलले. पण..."

"तुह्यापाशी पण लय हायेत वो. माहा मोहा खाली पडून राहिला तिकडं. उजाडलं का डुक्करं खातीन."

आणि त्या गेल्या. त्यांच्यामागून आणखी सहा-सात बायका, प्रत्येकीच्या गळ्यात तशीच डबी, आणि प्रत्येक डबीत तेच उत्तर.

पांढरसराड हे चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाचं जंगलाला चिकटलेलं गाव. चैतात पहाटे मोहफुलं गळतात आणि गावातल्या बायका ती वेचायला जातात. मोहाची झाडं जंगलातली असली तरी रिवाजाने घरोघर वाटलेली आहेत. अमुक झाड कुळमेथ्यांचं, तमुक निकुऱ्यांचं. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही. पण झाडाचा मालक आलाच नाही, तर पडलेलं फूल ज्याच्या हाती लागेल त्याचं. भांडणं इथूनच सुरू व्हायची. कोणी ओरडून सांगितलं की अमक्या वाटेवर वाघ आहे, तर ऐकणारी आधी विचार करायची, याचं झाड कुठल्या वाटेवर आहे? माझ्या झाडाखालचं फूल याला तर नको ना? तीन हंगाम असे गेले. तिसऱ्या हंगामात खरोखरच वाघ होता, सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि एक बाई गेली.

त्यानंतरच्या ग्रामसभेत मोनालीनेच वाटाड्याचा ठराव मांडला. ती ब्रह्मपुरीला बी.सी.ए. झालेली, नवरा राजुऱ्याला सिमेंटच्या कारखान्यात, ती गावात राहून वन समितीचं संगणकाचं काम पाहायची. तिचं म्हणणं साधं होतं. माणसाच्या तोंडाला कुठलं ना कुठलं झाड चिकटलेलं असतं. वाटाड्याचं जंगलात एकही झाड नाही.

ते सगळ्यांना पटलं होतं. म्हणून तर आता पंचाईत झाली होती.

बायका तासाभरात परतल्या. टोपल्या तिकडेच टाकून, एकमेकींचे हात धरून. वाघीण बोडीच्या, म्हणजे तिथल्या लहान तळ्याच्या, पाळीवर उभी राहिली, एकदा गुरगुरली, आणि पिल्लं मागे असल्यामुळे असेल, पुढे आली नाही. कोणालाही ओरखडा नाही. अंतकलाबाई घरात शिरल्या, पाणी प्यायल्या, गळ्यातली डबी काढून मिठाच्या बरणीमागे ठेवली आणि दिवसभर सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या घरात हीच सर्वांत मोठी शिक्षा होती.

मोनाली समितीच्या खोलीत जाऊन संगणकापुढे बसली.

वाटाड्या म्हणजे ती डबी नव्हे. डबी फक्त त्याचं तोंड. खरा वाटाड्या दूर कुठल्यातरी शीतगृहासारख्या इमारतींमध्ये असतो आणि लाखो वेबसाइटी वाचून ठेवतो. २०३८ साली वेबसाइट उघडून बघणारी माणसं जवळजवळ उरलेली नाहीत. लोक वाटाड्याला विचारतात, तो सांगतो. वेबसाइट माणसांसाठी राहिलेली नाही, ती वाटाड्याच्या वाचनासाठी असते.

पांढरसराडची साइट स्थिर जातीची होती. तिची पानं आधीच तयार करून ठेवलेली असतात, कोणी मागितलं की आहे तसं पान उचलून द्यायचं, एवढंच. खर्च नाही, बिघाड नाही, जंगलातल्या अर्ध्या कांडीच्या नेटवर्कवरही चालते. प्रत्येक वाटेचं एक पान, त्यावर 'खुली' किंवा 'बंद', तारीख आणि कारण. वनखातं सूचना काढतं ती सबंध वनपरिक्षेत्राची. नाला, बोडी आणि पायवाट इतकं बारीक फक्त गावाच्या साइटवर होतं.

अशा साइटीसोबत एक फाइल असते, साइटमॅप. ती माणसाने वाचायची नसते. त्यात साइटवरच्या पानांचे पत्ते असतात आणि प्रत्येक पत्त्यापुढे दोन गोष्टी : पान शेवटचं कधी बदललं, आणि ते किती महत्त्वाचं आहे, शून्य ते एकच्या मापात. नवीन काही लिहून साइट पुन्हा बांधली की एक छोटा प्रोग्रॅम ही फाइलही नव्याने तयार करतो. वाटाड्या आधी साइटमॅप पाहतो आणि मगच ठरवतो कुठलं पान उघडायचं. सगळी पानं रोज उघडणं त्याला परवडत नाही. संगणककेंद्रांच्या विजेवर मर्यादा आल्यापासून प्रत्येक लहान साइटला वाचनाचा ठरावीक वाटा मिळतो, दिवसाला मोजकी पानं. त्यामुळे साइटमॅपमध्ये ज्याची तारीख नवी, ते आधी. बाकीचं सवडीने. जे साइटमॅपमध्ये नाही, ते त्याच्या लेखी जगातच नाही.

हे सगळं मोनालीला ठाऊक होतं. तिने पांढरसराडचा साइटमॅप उघडला आणि कपाळावर हात मारला.

प्रत्येक पानापुढे आजची तारीख होती. प्रत्येक पानाचं महत्त्व एक होतं, पूर्ण एक. चिचबोडीच्या पानाचं एक, कोषाध्यक्षांच्या परिचयाचं एक, दोन वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाच्या फोटोंचंही एक.

महत्त्वाचं कारण तिला आठवतच होतं. समितीची सात माणसं, प्रत्येकाचं परिचयाचं पान, आणि कोणाचं पान कोणाखाली लावायचं यावर दोन बैठका गेल्या होत्या. शेवटी सगळ्यांना एक. मानपान मिटला.

तारखेचं कारण मात्र तिला आताच कळलं. समितीचे अध्यक्ष रुषीदेव निकुरे, निवृत्त मुख्याध्यापक, गावासाठी नुसते 'सर'. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेच्या फळ्यावर रोज तारीख, तिथी आणि आजचा सुविचार लिहिला होता. साइट आल्यावर ते रोज सकाळी तेच साइटवर लिहायला लागले. आणि एकाच पानावर नव्हे, प्रत्येक पानाच्या तळाशी. म्हणजे रोज सकाळी साइट नव्याने बांधली जायची, सगळी पानं बदलायची, आणि साइटमॅप इमानदारीने सांगायचा, सगळं आज बदललंय.

वाटाड्या सुरुवातीला धावत यायचा. पान उघडायचा, वाट तीच, फक्त सुविचार नवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही आठवडे असं झाल्यावर त्याने जे करायला त्याला शिकवलं होतं तेच केलं. या साइटच्या तारखांना किंमत देणं सोडून दिलं.

मोनालीने वाटाड्याच्या मदत कक्षाला जोडणी लावली. कक्षात माणूस नव्हता, अर्थातच.

"आपल्या संकेतस्थळावरील तारखांना सध्या भार नाही," कक्ष म्हणाला.

"भार कधी येईल?"

"तारखा विश्वासार्ह ठरल्यावर."

"त्या कशा ठरतील?"

"तारीख बदललेले पान वाचून त्यात खरा बदल आढळल्यास."

"मग वाचा ना. चिचबोडीचं पान वाचा. त्यात खरा बदल आहे."

"त्या पानाच्या वाचनाला प्राधान्य नाही."

"का नाही?"

"तारखांना भार नसल्यामुळे."

मोनालीने डोळे मिटले, मनात काहीतरी म्हटलं आणि डोळे उघडले. "इथे वाघ आहे. कळतंय का तुम्हाला? तुम्ही वाट खुली म्हणता आणि तिथे वाघीण आहे."

"आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. जीवितास धोका असल्यास स्थानिक यंत्रणेने संकेतस्थळावर माहिती अद्ययावत करावी."

संध्याकाळी समिती बसली. मोनालीने सगळं समजावून सांगितलं, दोनदा. सर खुर्चीत ताठ बसून ऐकत होते.

"म्हणजे तुझं म्हणणं, माझ्या सुविचारामुळे वाघीण आली?"

"वाघीण आली नाही सर. बातमी गेली नाही."

"साइट रोज ताजी दिसली पाहिजे, हे कोण म्हणालं होतं?"

"ताजी म्हणजे रोज बदललेली नव्हे. खरं बदलेल तेव्हाच बदललेली."

"शाळेत पस्तीस वर्षं फळा लिहिला, कोणी म्हणालं नाही की यामुळे मुलं नापास होतील."

"सर," वनरक्षक विलास सोनुले मध्ये बोलला. तो समितीवर नव्हता, पण कॅमेऱ्यांचं काम त्याच्याकडे, म्हणून बसला होता. "तुम्ही रोज शाळेची घंटा नुसती सुविचारासाठी वाजवली असती, तर आग लागल्यावर कोण बाहेर आलं असतं?"

सर म्हणाले, "मुख्य पानावर तरी राहू दे."

"राहू दे," मोनाली म्हणाली. "पण साइटमॅपमध्ये मुख्य पान राहणार नाही. फक्त वाटांची पानं राहतील. बाकीची पानं असतील, पण वाटाड्याला दिसणार नाहीत."

"सातही परिचय?" कोषाध्यक्षांनी विचारलं.

"सातही."

"हळदीकुंकू?"

"काका!"

ठराव झाला. मोनालीने प्रोग्रॅममध्ये बदल केले. पानाच्या तारखेत तळटीप धरायची नाही, फक्त वाटेची स्थिती बदलली तरच तारीख बदलायची. परिचय, मनोगत, फोटो साइटमॅपमधून वगळायचे. महत्त्व फक्त वाटांना. हे करायला तिला एक दुपार लागली, आणि तिथून खरा त्रास सुरू झाला, कारण आता करण्यासारखं काहीच नव्हतं.

वाटाड्या आपल्यावर पुन्हा विश्वास ठेवायला लागला की नाही, हे बघायचं कसं? एखादं पान बदलून बघायचं. पण खोटाच बदल केला आणि तो वाचायला आला, तर पुन्हा लबाडी पकडली जाणार आणि उरलासुरला भारही जाणार. तो आलाच नाही, तर काहीच कळणार नाही. विश्वास तपासायला गेलं की तोच खर्च होत होता. खरा बदल होईपर्यंत हात बांधून बसणं एवढंच उरलं, आणि खरा बदल म्हणजे वाघीण हलणं.

त्यात 'वाटाड्या सांगेल तेच खरं' हा ग्रामसभेचा ठराव होताच. चिचबोडी 'खुली' असल्याचं वाटाड्या अजूनही सांगत होता. सोनुलेने वाटेच्या तोंडाशी बांबूचा अडसर लावला, मोनाली घरोघर सांगत फिरली. काही बायकांनी ऐकलं, वाघीण स्वतः पाहिलेली होती म्हणून. काहींनी वाटाड्याला विचारून तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. निकुऱ्यांच्या एका सुनेने तोंडावर विचारलं, "तुमचा मोहा चिचबोडीत. आमचाही चिचबोडीत. आमी नाही गेलो तं कोण वेचन?"

"कोणीच नाही वेचणार. आमचाही पडूनच आहे."

"हं," ती म्हणाली. एवढंच.

अंतकलाबाई त्या दिवसांत बहिणीच्या झाडाखाली वेचायला जायच्या, हत्तीगोट्याच्या वाटेवर. दुसऱ्याच्या झाडाखाली वाकणं त्यांना डाचत होतं. संध्याकाळी फुलं वाळत घालताना त्या सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या.

"आमी माणसाले विचारत होतो तवा माणूस खोटं बोलायचा. तोंड पाहून समजायचं तरी. या डबीचं तोंडच नाही."

"मामी, तो खोटं नाही बोलत. त्याने जुनं वाचलंय."

"मंग सांगत काहून नाही, का जुनं हाय?"

या प्रश्नाचं उत्तर मोनालीला माहीत होतं आणि त्याने तिचा आणखी संताप झाला. वाटाड्या पूर्वी सांगायचा. 'माझ्याकडील अखेरच्या वाचनानुसार, जे अमुक तारखेचे आहे' अशी लांबलचक सुरुवात करायचा. पहाटे कामाची घाई असलेल्या बायकांनीच तक्रार केली होती, हा पुराण लावतो म्हणून. समितीने अर्ज करून सबंध गावासाठी 'थोडक्यात' हा पर्याय घेतला होता. तो पुन्हा बदलायला अर्ज केला तर चार आठवडे लागणार होते. अर्ज तिने केला होता.

मग सरांचं प्रकरण उद्भवलं. सरांच्या मुलाचं लग्न गडचिरोलीकडच्या एका घरात ठरत होतं. मुलीकडच्यांनी, आजकाल सगळेच करतात तसं, वाटाड्याला विचारलं, पांढरसराडचे रुषीदेव निकुरे कोण? मागच्या महिन्यापर्यंत वाटाड्या सांगत होता : वन समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, दोन पुरस्कार. आता त्याने सांगितलं, याबाबत माहिती नाही.

सर दुपारच्या उन्हात चालत समितीच्या खोलीत आले.

"व्याह्यांनी मला फोन करून विचारलं, तुम्ही खरंच अध्यक्ष आहात का?"

"सर, तुमचं पान साइटवर आहे."

"असून उपयोग काय? कोणाला दिसत नाही ते पान म्हणजे मेलेलंच ना?"

मोनालीला पहिल्यांदाच त्यांची दया आली. ती म्हणाली, "घालते साइटमॅपमध्ये. पण जुनी तारीख आणि सगळ्यात कमी महत्त्व. शून्य पूर्णांक एक."

"दहातला एक?" सर खुर्चीवर टेकले. "अगं, मी पोरांना पस्तिसाच्या खाली गेले तर नापास करत होतो."

"सर, चिचबोडीला एक आहे. तुम्हाला किती देऊ?"

सर उठले. "राहू दे. हंगाम संपल्यावर घाल. व्याह्यांना मी स्वतः जाऊन भेटतो." दारात थांबून म्हणाले, "माणसं आधी असंच करायची, नाही का? जाऊन भेटायची."

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी, वाटाड्या म्हणाला, "चिचबोडीची वाट बंद आहे."

गावात डबी दाबदाबून त्याला तेच तेच विचारलं गेलं. निकुऱ्यांची सून मोनालीच्या दारात येऊन उभी राहिली आणि गेली. मोनालीलाच तेवढा आनंद होईना. कक्षाला विचारलं तर तो म्हणाला, पान वाचले गेले आहे. साइटच्या नोंदीत त्या दिवशी त्याने इतरही पानं उघडलेली दिसत होती, त्यावरून काही ठरत नव्हतं. का वाचलं गेलं? तारखेवर विश्वास बसला म्हणून की सवडीने येणारी फेरी त्याच दिवशी आली म्हणून? "वाचनाची कारणे आम्ही प्रकट करत नाही," कक्ष म्हणाला. म्हणजे वाटाड्या आता बरोबर होता, पण भरवशाचा झाला होता का, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

अंतकलाबाईंनी बरणीमागची डबी काढून पुसली आणि गळ्यात घातली. "तुह्या मशिनीनं तुहं ऐकलं तं."

"ऐकलं असेल. नक्की नाही."

"आता हे काय नवीन?"

"मामी, पुढचे काही दिवस त्याचं आणि माझं उलटं आलं, तर माझं ऐका. एवढंच मागते."

अंतकलाबाई हसल्या. रागावल्यापासून पहिल्यांदाच. "ऐकीन. तुहं झाड नाही नं जंगलात. हाय ते माहंच हाय."

रविवारी दिवेलागणीला सोनुलेचा फोन आला. वाघिणीने चिचबोडी सोडली होती. पिल्लांना घेऊन ती हत्तीगोट्याच्या पाणवठ्याकडे सरकली होती, कॅमेऱ्यात दोनदा दिसली. चिचबोडी आणखी दोन दिवस बंदच ठेवायची, ती मागे फिरू शकते. हत्तीगोटाही बंद.

मोनालीने एकच पान बदललं. हत्तीगोटा, 'वाट बंद'. साइट बांधली. साइटमॅप उघडून पाहिला. एकाच पत्त्यापुढे नवी तारीख होती. असा स्वच्छ साइटमॅप तिने आयुष्यात पाहिला नव्हता. तिने सोनुलेला आणि सरांना सांगितलं, हत्तीगोट्यावर झाडं असलेल्या घरांना फोन केले. माळटोली गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथे दोन घरांत फोन लागले नाहीत. तिथल्या एकीने ऐकून म्हटलं, "बरं बाप्पा, सकाळी डबीले विचारतो." मोनाली घरी आली तेव्हा अंतकलाबाई झोपल्या होत्या.

सोमवारी पहाटे अंतकलाबाई टोपली घेऊन ओट्यावर आल्या, तेव्हा मोनाली आधीच तिथे उभी होती. अंतकलाबाईंनी तिच्याकडे बघतच डबी दाबली. "हत्तीगोटा?"

"हत्तीगोट्याची वाट खुली आहे."

मोनालीला वाटलं, आता पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"तू काय म्हणतं?" अंतकलाबाईंनी विचारलं.

"बंद आहे, मामी."

अंतकलाबाईंनी टोपली खाली ठेवली. "मंग बंद," त्या म्हणाल्या आणि ओट्याच्या कडेला बसल्या. क्षणभराने म्हणाल्या, "माळटोलीच्या बायांनी याले विचारलं असन तं?"

"सोनुलेभाऊंनी अडसर लावलाय वाटेवर."

"त्या पाटाकडून जातात. तिकडं कुठं अडसर हाय?"

मोनाली सोनुलेला फोन करायला आत गेली. नेटवर्कसाठी न्हाणीजवळच्या कोपऱ्यात उभं राहावं लागतं. तिसऱ्या वेळी सोनुलेने फोन उचलला, म्हणाला, लगेच निघतो. ती बाहेर आली तेव्हा ओट्यावर टोपली होती आणि अंतकलाबाई नव्हत्या. समोरच्या घरातली म्हातारी दात घासत होती.

"तुही सासू? गेली ना पळत. हत्तीगोट्याकडं. माळटोलीवाल्यायले वापस बोलावतो म्हणे. म्या म्हटलं, वो बाई, वाट तं खुली हाय म्हणते नं डबी. तं म्हणते, डबी काहीही म्हणन, माही सून बंद म्हणते."

मोनाली अनवाणीच रस्त्यापर्यंत धावली. सोनुलेची मोटरसायकल समोरून आली. त्याने तिला बसू दिलं नाही. "तू इथं थांब. फोनवर कोणीतरी पाहिजे. सरांना सांग, माणसं जमव."

सर आले, त्यांच्याबरोबर चार-पाच पुरुष, वाजवायला पत्र्याचे डबे आणि काठ्या घेऊन. दोघे सोनुलेच्या मागे गेले. मोनालीने तोवर समितीच्या खोलीतला संगणक उचलून आणला होता, सरांनी त्याकडे पाहिलं. "साइटवर काही लिहायचं का? तातडीची सूचना वगैरे? सगळ्या पानांवर?"

"काहीही लिहू नका, सर," मोनाली म्हणाली. "हात जोडते. एक अक्षर लिहू नका."

सहा वाजून बारा मिनिटांनी वाटाड्याने हत्तीगोट्याचं पान वाचलं. साइटच्या नोंदीत त्याची भेट स्पष्ट दिसते. संपूर्ण साइटमॅप पाहून तो सरळ त्या एकाच पानाकडे आला आणि परत गेला. ही सवडीने येणारी फेरी नव्हती. तारखेवर विश्वास ठेवूनच तो आला होता.

पावणेसातला माळटोलीच्या सहाही बायका पाटाच्या रस्त्याने गावात परतल्या, धापा टाकत. पाणवठ्याच्या अलीकडेच वानरं खेकसायला लागली होती, म्हणून त्या माघारी फिरल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने मोनालीला पाहून आधी डबी दाखवली. "यानं खुली सांगतली होती वो."

"मामी कुठे आहेत?"

"कोण, अंतकलाबाई?" त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. "आमाले नाही भेटली. एक हाक ऐकू आली होती तशी. आमाले वाटलं, आमच्यातलीच कोणी बोलावून राहिली."

सव्वासातला सोनुलेचा फोन आला. आवाज तुटत होता. तो आणि दोघेजण पाणवठ्यापर्यंत पोचले आहेत. ओल्या मातीत वाघिणीचे ठसे आहेत आणि रबरी चपलेचेही. दोन्ही ताजे. चपलेचे ठसे नाल्याच्या पलीकडे, हत्तीगोट्याच्या मोठ्या खडकाच्या दिशेने जातात. तिथून पुढे मुरूम आहे, त्यावर ठसा उमटत नाही. त्यांनी हाका मारल्या आहेत, उत्तर नाही. ते पुढे जात आहेत.

त्यानंतर त्याचा फोन लागलेला नाही. मोनाली न्हाणीजवळच्या कोपऱ्यात उभी आहे. वाटाड्याला गावातून आता सतत विचारलं जात आहे आणि प्रत्येक वेळी तो बरोबर उत्तर देतो आहे.

"हत्तीगोट्याची वाट बंद आहे."